वजीर द्यायचा की नाही

मी त्या वॉर्डात गेले तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि लग्नाला पाच महिने झाले होते. रोज संध्याकाळी बारीक ताप यायचा, सकाळी उतरायचा. सासूबाईंना वाटलं, दिवस गेले असतील. मग एकदा खोकल्याबरोबर रुमालावर रक्ताचा ठिपका पडला. मी तो रुमाल चुलीत टाकला आणि चार दिवस कोणाला काही बोलले नाही. पाचव्या दिवशी बोलायची गरजच उरली नाही. मोरीत उभी असताना तोंडभर रक्त आलं आणि यजमान मला टांग्यात घालून दवाखान्यात घेऊन गेले.

छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडासमोर धरला आणि माझ्याकडे न बघता यजमानांना म्हणाले, "सात-आठ महिने तरी इथं राहावं लागेल."

औरंगाबादेत त्या काळी क्षयाच्या रोग्यांना बाकीच्यांपासून लांब ठेवायचे. दवाखान्याच्या मागच्या अंगाला दोन लांबट कौलारू वॉर्ड होते, एक बायकांचा आणि एक पुरुषांचा. मधे अंगण आणि दोन लिंबाची झाडं. अंगणात बसायच्या वेळा वेगवेगळ्या होत्या, त्यामुळं पलीकडची माणसं आम्हाला कधी दिसायची नाहीत. ऐकू मात्र यायची. काही दिवसांनी खोकल्यावरून माणूस ओळखता यायला लागतो. एखादा ओळखीचा खोकला दोन दिवस ऐकू आला नाही की वॉर्डात कोणी काही बोलायचं नाही, पण सगळ्याजणी कान देऊन असायच्या.

भीती काय असते ते मला ठाऊक होतं असं मी समजत होते. पोलीस ॲक्शनच्या आधीच्या दिवसांत आई आम्हा भावंडांना धान्याच्या कोठीमागं बसवून ठेवायची, आणि बाहेर रझाकारांच्या घोड्यांच्या टापा वाजल्या की माझी छाती धडधडायची. पण ती भीती बाहेरून यायची. दार लावलं की थोडी कमी व्हायची. ही आतच बसलेली होती. मोठा श्वास घेतला की हलायची, म्हणून मी मोठा श्वास घेणंच सोडलं होतं.

यजमान रविवारी यायचे. दाराच्या चौकटीत उभे राहायचे, तोंडाला रुमाल लावून. "बरी आहेस ना?" विचारायचे. मी हो म्हणायचे. सासूबाई एकदाही आल्या नाहीत. मग सलग दोन रविवार यजमानही आले नाहीत. त्या दुसऱ्या रविवारी शेजारच्या खाटेवरची बाई माझ्याकडं बघून सहज म्हणाली, "माझ्या मालकानं दुसरी केली. म्या इथं आल्यावर दोन महिन्यांत." ती शेंद्र्याची, शेतात राबलेली बाई. आम्ही तिला आक्का म्हणायचो. ती हे रडून नव्हे, पाऊस कधी पडला ते सांगावं तसं सांगायची. त्यामुळं मला जास्तच भीती वाटायची.

बुद्धिबळाचं निघालं ते वॉर्डातल्या आयामुळं. ही पन्नाशीची, जाडजूड, पानाचा तोबरा भरलेली बाई दोन्ही वॉर्डांत काम करायची. एका सकाळी दूध वाटता वाटता म्हणाली, "तिकडले पुरुष विचारतात, बायकांमधी कुणाला बुद्धिबळ येतं का म्हणून. हसत होते मेले."

कोपऱ्यातल्या खाटेवरून आवाज आला, "उनको बोलो, येतं."

त्या आपा. खुलताबादच्या, पंचेचाळिशीच्या, हाडं दिसतील इतक्या बारीक. त्यांचे वडील निजामाच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते. पोलीस ॲक्शननंतर नोकरी गेली, जुने सोबती कोणी हैदराबादला गेले, कोणी आणखी लांब. खेळायला कोणी उरलं नाही, म्हणून त्या म्हाताऱ्यानं घरी परत आलेल्या विधवा मुलीला समोर बसवलं. "दस साल खेळलो आम्ही दोघं," आपा म्हणायच्या. "अब्बा एक शब्द बोलायचे नाहीत. फक्त चाल चुकली की पानाचा डबा बंद करायचे, टप करून."

मला खेळता यायचं ते वडिलांमुळं. ते रविवारी एका मित्राशी खेळायचे आणि मी चहाचे कप उचलायच्या निमित्तानं मागं उभी राहायचे. तिसऱ्या पैठणच्या मास्तरीणबाई, आमच्या नुसत्या 'बाई'. शाळेत मुलींना शिकवलेलं होतं म्हणून नियम सगळे पाठ, खेळ मात्र घाबरट. आणि चौथी आक्का, जिला काहीच येत नव्हतं. "मला बसू द्या तुमच्यात," ती म्हणाली. "पडून पडून छताची कौलं मोजून झाली."

आपांच्या भाच्यानं खुलताबादहून लाकडी मोहऱ्यांची पिशवी आणून दिली. पट बाईंनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आखला. उभ्या ओळींना क, ख, ग, घ अशी अक्षरं आणि आडव्यांना आकडे दिले, म्हणजे चाल चिठ्ठीवर लिहिता येईल. पुरुषांनीही तसंच करावं म्हणून निरोप धाडला. डॉक्टरांनी परवानगी दिली, एका अटीवर: कोणी खाटेवरून फार वेळ उठायचं नाही आणि आवाज चढवायचा नाही. सकाळी डॉक्टरांची फेरी झाली की पुरुषांची चिठ्ठी यायची. संध्याकाळच्या दुधाच्या आत आमची जायची. दिवसाला एक चाल. आया चिठ्ठी बांगड्यांमध्ये खोचून न्यायची आणि वाचता येत नसूनही पलीकडच्यांचे चेहरे कसे झाले ते येऊन सांगायची.

आपांनी एकच नियम घातला. चौघींचं एकमत झाल्याखेरीज मोहऱ्याला हात लावायचा नाही. आक्काला येत नसेना का, तिलाही पटवून सांगायचं. त्यामुळं दुपारच्या दुपार जायच्या. आक्का विचारायची, "ह्यो उंट तिरपाच का जातो? सरळ गेला तर कोण मारतंय त्याला?" बाई समजावायच्या. आपा गालात हसायच्या. आणि कधी कधी आक्काच्या प्रश्नातूनच दिसायचं की अमुक प्याद्याला राखण नाही.

पहिले दोन आठवडे मी ताप विसरले. मग एका दुपारी माझ्या डोक्यात एक विचार आला, आणि आला तो गेलाच नाही. हा डाव आपण हरलो तर आपल्या चौघींतली एक जाणार. हे कुठून आलं मला सांगता येणार नाही. मी शिकलेली मुलगी होते, मॅट्रिक झालेली. पण सकाळी चिठ्ठी उलगडताना माझी बोटं गार पडायला लागली. त्यांनी आमचा घोडा मारला त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मी कोणाला बोलले नाही. बाई मात्र चाल ठरली तरी "थांबा, पुन्हा एकदा बघू" असं चार-चारदा म्हणायला लागल्या, आणि घोडा गेला त्या संध्याकाळी आक्कानं गळ्यातला ताईत काढून पटाच्या कडेला ठेवला. तेव्हा मला कळलं की हा विचार माझ्या एकटीच्या डोक्यात नाही.

सहाव्या आठवड्यात डाव अशा जागी आला की पुढची चाल ठरेना. त्यांचा राजा कोपऱ्यात होता, पुढं त्याच्याच प्याद्यांची भिंत. आमचा उरलेला घोडा त्या भिंतीच्या आत घुसला होता आणि हत्ती मोकळा उभा होता.

आपा म्हणाल्या, "वजीर द्यायचा."

"द्यायचा म्हणजे?" बाईंचा आवाज चिरकला.

"त्या कोपऱ्यातल्या प्याद्याला मारायचं वजिरानं. राजाला घ्यावाच लागेल वजीर, दुसरी वाट नाही. तो बाहेर आला की हत्तीनं शह. मागं घोडा उभा आहे, पुढं हत्ती. जायचं कुठं त्यानं?"

मी पटाकडं बघत राहिले. दिसत होतं, आणि दिसलं म्हणून अंगावर काटा आला.

"आणि काही राहिलं असलं तर?" बाई म्हणाल्या. "वजीर गेला म्हणजे मग आपल्याकडं काय? त्यापेक्षा आपण वजीर मागं घेऊ. सावकाश खेळू."

"सावकाश खेळून आपण मरतोच आहोत, बाई," आपा म्हणाल्या आणि लगेच थांबल्या. वॉर्डात तो शब्द कोणी उच्चारत नसे. मग पटाकडं वाकून म्हणाल्या, "मला पण एकदा बघायचंय अजून. त्यांचा तो लांबचा उंट. उद्या ठरवू."

त्या दिवशी चिठ्ठी गेली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पट ठेवलेल्या स्टुलाभोवती सरकत होतो, तेवढ्यात आपा खोकल्या. नेहमीचा खोकला नव्हता, ओला होता. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि पदर बघता बघता लाल झाला. आक्का ओरडली, "सिस्टर! सिस्टर!" मी खाटेवरच गोठून बसले होते. सिस्टर धावत आली, मागून आया भांडं घेऊन आली, पडदा ओढला गेला. पडद्याच्या खालून मला फक्त आपांची पावलं दिसत होती, एकमेकींवर घट्ट दाबून धरलेली. तासाभरानं त्यांना कोपऱ्यातल्या खोलीत नेलं. मी आल्यापासून त्या खोलीत तीन बायका गेल्या होत्या आणि एकही वॉर्डात परत आली नव्हती.

संध्याकाळी आया दुधाबरोबर आली. "चिठ्ठी?"

आम्ही तिघींनी नाही म्हणून माना हलवल्या.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी पुरुषांकडून चिठ्ठी आली. तीत चाल नव्हती. वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "घाई नाही. आम्ही थांबतो."

बाईंनी ती वाचली आणि डोळे पुसले. मग म्हणाल्या, "आपांना विचारल्याशिवाय कसं ठरवणार? पण विचारणार कोण?"

आक्का माझ्याकडं बघत होती. "पोरी, तुझे पाय बरे आहेत. जा तू."

जेवणानंतर सिस्टर औषधं आणायला गेली तेव्हा मी उठले. ती खोली वीस पावलांवर असेल. दार नुसतं लोटलेलं होतं. आपा उशांना टेकून बसल्या होत्या, छातीवर बर्फाची पिशवी. त्यांना बोलायला मनाई होती. मी दारातूनच कुजबुजले, "आपा, वजीर द्यायचा का? तुम्ही त्या उंटाचं बघितलंत का?"

त्यांनी हातानं जवळ बोलावलं. मी गेले. त्यांनी माझं मनगट धरलं. मला वाटलं, बोटांनी काही तरी सांगतील, चालीचं घर दाखवतील. त्या काही सांगत नव्हत्या. त्यांनी नुसतं धरून ठेवलं होतं, आणि त्यांचे डोळे इतके मोठे झाले होते की मला त्यांच्याकडं बघवेना. आपा घाबरलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. आम्ही सगळ्या त्यांच्या आधारावर होतो आणि त्यांना आधार कशाचा होता, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

आता सांगते ते मी कित्येक वर्षं कोणाला सांगितलं नाही. मला हात सोडवून घ्यावासा वाटला. त्यांचं मला लागेल, असं वाटलं. ज्या रोगानं मी स्वतः तिथं पडले होते, त्याच रोगाचं. रुमाल तोंडाला लावून दारात उभ्या राहणाऱ्या यजमानांवर मी मनातून चिडत होते, आणि आता मीही तशीच झाले होते. मी हात ओढला. एकदा, मग पुन्हा जोरात. त्यांची बोटं सुटली. मी "येते" म्हटलं आणि जवळजवळ पळतच बाहेर आले.

"काय म्हणाल्या?" बाईंनी विचारलं.

त्या घाबरल्यात, हे माझ्या तोंडून निघेना. मी कशी पळून आले तेही सांगवेना.

"वजीर द्या म्हणाल्या," मी म्हटलं.

"उंटाचं बघितलं त्यांनी?"

"हो. सगळं बघितलंय म्हणाल्या."

"बोलायला बंदी आहे ना त्यांना?" आक्का म्हणाली.

"खुणेनं सांगितलं."

आक्का थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "व्हय तर व्हय. आपा म्हणतीय तर माझंबी व्हय." बाईंनी चिठ्ठी लिहिली. आयानं ती बांगड्यांत खोचली आणि अंगण ओलांडून गेली.

चिठ्ठी गेल्यावर मी पटासमोर बसले आणि पहिल्यांदा नीट बघितलं. अर्ध्या तासात मला दिसलं. लांबच्या कोपऱ्यातला तो उंट तिरपा येऊन हत्ती आणि राजा यांच्या मधे उभा राहू शकत होता. हत्तीनं त्याला मारलं की प्यादं हत्तीला मारणार. मग आमच्याकडं काहीच नाही. आपांना नेमकं हेच बघायचं होतं.

आया कधीच पलीकडं पोचली होती. मी पांघरूण डोक्यावरून घेतलं आणि आत पडून राहिले. दात वाजत होते. सिस्टरला वाटलं ताप चढला, तिनं थर्मामीटर तोंडात घातला, ताप नव्हता. मला एकच दिसत होतं: उद्या ते वजीर घेतील, परवा उंट मधे येईल, आणि त्या खोलीचं दार कोणीतरी पूर्ण उघडेल.

त्यांनी वजीर घेतला. आम्ही हत्तीनं शह दिला. पुढच्या सकाळी चिठ्ठी आली आणि बाईंनी वाचली, "उंट." पुढचं घर वाचायची गरज नव्हती. बाई एकदम म्हाताऱ्या दिसल्या. दिवसभर मी त्या खोलीकडं पाठ करून पडले. कोणी धावतंय का, भांडं वाजतंय का, तेवढंच ऐकत होते. आया आत गेली की माझा श्वास थांबायचा, बाहेर आली की सुटायचा.

अजून पाच दिवस आम्ही खेळत राहिलो, कारण हार कबूल करणारी चिठ्ठी लिहायची कोणाचीच छाती होईना. शेवटी आक्कानंच राजा आडवा केला. "बास झालं. हरलो तर हरलो," ती म्हणाली. मग तिनं वॉर्डभर नजर फिरवली आणि हळूच म्हणाली, "मेलं तर नाय ना कोण?"

कोणी मेलं नव्हतं. आणि त्यानंतर साधारण पंधरा दिवसांनी, एका सकाळी, आया आणि सिस्टर यांनी दोन्ही बाजूंनी धरून आपांना वॉर्डात आणलं.

खाटेवर टेकल्या टेकल्या त्यांनी विचारलं, "डावाचं काय झालं?"

बाईंनी पदराशी चाळा करत सांगितलं, "हरलो, आपा. तुम्ही सांगितलंत तसा वजीर दिला, पण त्यांचा उंट मधे आला."

"मी सांगितलं?"

मी पांघरुणाचं टोक बोटाला गुंडाळत होते. आपांनी माझ्याकडं बघितलं. ती नजर रागाची नव्हती, पण तिनं काही सोडलं असंही नव्हतं. मग त्या बाईंना म्हणाल्या, "हौ. सांगितलं होतं मी. चुकलं माझं. ताप होता."

त्या दुपारी मी त्यांच्या खाटेपाशी जाऊन बसले. माफी मागायची होती. मी त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी घेऊ दिला. मग म्हणाल्या, "तुला भीती वाटली ना? मला पण वाटत होती. दोघींपैकी एकीला तरी वाटायला नको होती." आणि हसल्या. मला मात्र रडू आलं.

थंडी संपता संपता मला पुन्हा छातीच्या फोटोला नेलं. फोटोच्या खोलीबाहेर दोन बाकं होती, एकावर बायका, एकावर पुरुष. समोर चष्मा लावलेला एक मध्यमवयीन माणूस बसला होता. त्यानं माझ्या कागदावरचं वॉर्डाचं नाव वाचलं आणि विचारलं, "बुद्धिबळवाल्या तुम्हीच का?"

मी मान डोलावली.

"चिठ्ठ्या मी लिहायचो. त्या तीन दिवसांत तुमची चाल आली नाही ते बरंच झालं." तो खाली बघून बोलत होता. "आमच्यातला जो खरा खेळायचा, तो पहिल्याच दिवशी गेला. त्यानंतर आम्हाला पटाकडं बघवत नव्हतं. तुमचा वजीर बघून आम्ही इतके घाबरलो की काय सांगू. तो उंट त्यानं आधीच सांगून ठेवला होता, म्हणून सुचला."

त्याला आत बोलावलं. मी बाकावर बसून राहिले. आम्ही हरलो आणि आमची सगळी माणसं उरली. ते जिंकले आणि त्यांचं माणूस गेलं. माझ्या डोक्यातला तो हिशेब तिथल्या तिथं मोडला. पण भीती गेली नाही. उलट आता ती बांधून ठेवायला जागाच राहिली नाही.

माझा फोटो चांगला निघाला. महिन्यानं मला घरी सोडलं. यजमान टांगा घेऊन आले होते. ते आत आले, दारात थांबले नाहीत, आणि माझी ट्रंक स्वतः उचलली. घरी माझं ताट-वाटी वेगळी ठेवलेली होती. सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टर म्हणाले म्हणून." डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. मी त्या ताटात वर्षभर जेवले. मग एक दिवस सासूबाईंनी न बोलता ते बाकीच्या ताटांत मिसळलं.

बाई शाळेत परत गेल्या. आक्का घरी गेली, पण पुढच्या उन्हाळ्यात वारली. आयानं बाजारात भेटल्यावर सांगितलं. नवऱ्याच्या दारी नव्हे, भावाच्या घरी.

आपांकडं मी चारेक वर्षांनी गेले, मुलगी कडेवर घेऊन. वेरूळला जाताना यजमान म्हणाले, उतरू इथं. खुलताबादच्या वेशीपाशी एका बाईनं घर दाखवलं. आपा अंगणात सीताफळं निवडत बसल्या होत्या, कच्ची एकीकडं, पिकलेली एकीकडं. अंगानं भरल्या होत्या. मला ओळखायला त्यांना क्षणभर लागला. मग त्यांनी मुलीकडं हात पसरले आणि मधेच थांबल्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आता काही नाही मला. फोटो साफ आहे."

माझ्या छातीत धडधडलं. चार वर्षांनीही धडधडलंच. ते त्यांना दिसलं असणार. मी मुलीला त्यांच्या मांडीवर दिलं आणि शेजारी चटईवर बसले.